पुस्तक की पुसतक? जोडाक्षरं कानाने वाचायला शिकवताना

दुसरीतली एक मुलगी दप्तरात डोकं खुपसून ओरडते, "बाई, माझं पुस्तक कुणीतरी घेतलं!" पुस्तक सापडतं, उघडलं जातं, आणि पाचच मिनिटांनी तीच मुलगी बोट ठेवून वाचते, "पु… स… त… क… पुसतक." पुढे निघूनही जाते. आपण हरवलेल्या वस्तूचंच नाव वाचतोय, याचा तिला पत्ता नसतो.

बाराखडी पक्की झालेली मुलं जोडाक्षरांपाशी अडतात. मग मोठी माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'क्क, ख्ख, ग्ग, घ्घ' असे तक्ते पाठ करून घेतात. नाहीतर 'अर्धा स, त ला काना, स्ता' अशी साखळी म्हणायला लावतात. तक्त्यातला 'घ्घ' मुलाला वाचताना क्वचितच भेटणार, आणि साखळी म्हणता म्हणता मूळ शब्द विसरायला होतो. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच केलं. गाडं कुठे अडतं ते नंतर कळलं.

'पुस्तक' सावकाश बोलून बघा. तोंड तो शब्द 'पुस्' आणि 'तक' असा तोडतं. कागदावर मात्र तो 'पु', 'स्त', 'क' असा तुटलेला दिसतो. कान एका जागी तोडतो, डोळा दुसऱ्या जागी. जोडाक्षर शिकवणं म्हणजे या दोन तुकड्यांची गाठ घालून देणं. उच्चार मुलाला येत असतो. त्याच उच्चाराचं हे चित्र आहे, एवढंच त्याला कळायचं असतं.

आधी एक चाचणी

मुलाला ही वाक्यं वाचायला द्या: 'चिमणी दाणे टिपते. माकड झाडावरून उडी मारते. आजी भाकरी करते.' यात एकही जोडाक्षर नाही. मूल काना-मात्रांशी झगडत असेल, 'टिपते' वाचायला त्याला 'ट ला पहिली वेलांटी' म्हणावं लागत असेल, तर जोडाक्षरं महिनाभर पुढे ढकला. त्याने काही बिघडत नाही. पहिलीच्या दुसऱ्या सत्रात किंवा दुसरीच्या सुरुवातीला हे काम सुरू झालं तर वेळेवरच आहे. रोज दहा मिनिटं पुरतात. रविवारी तासभर घेऊन बसण्याचा उपयोग मला तरी कधी दिसला नाही.

पायरी पहिली: कागदाशिवाय एक आठवडा

पहिला आठवडा पाटी, वही, पुस्तक काही नको. फक्त टाळ्या. तुम्ही शब्द म्हणा आणि मुलाने त्याचे तुकडे पाडून टाळ्या वाजवायच्या. रस्-ता. दप्-तर. अस्-वल. बिस्-किट. नाश्-ता. चम्-चा. खिड्-की. उल्-टा.

इथे मी मुद्दाम थोडी लबाडी केली आहे. चमचा, खिडकी, उलटा हे शब्द लिहिताना जोडाक्षर येत नाही. पण बोलताना आपण 'चमचा'मधल्या म चा अ गिळतोच. कानाला 'चमचा' आणि 'रस्ता' एकाच जातीचे वाटतात, आणि हीच आपल्या कामाची गोष्ट आहे. अ नसलेलं व्यंजन उच्चारणं मुलाला नवं नाही. ते दिवसातून शेकडो वेळा तेच करत असतं.

आता पहिल्या टाळीपाशी थांबायचं. 'रस्…' म्हणून हात हवेतच ठेवा आणि विचारा, "तोंडात काय राहिलं?" मूल 'स' म्हणेल, अ सकट. रागावू नका. "तो स सापासारखा लांबव" म्हणा. स्स्स्स. 'चमचा'चा म ओठ मिटून म्म्म्म. 'उलटा'चा ल, 'नाश्ता'चा श. हे आवाज लांबवता येतात, म्हणून सुरुवात त्यांनी करायची. क, त, प, ट हे लांबवता येत नाहीत. तिथे जीभ किंवा ओठ अडतात आणि आवाज बंद होतो. 'दप्…' म्हटल्यावर ओठ मिटलेले राहतात, ते आरशात दाखवा. मुलांना हा खेळ फार आवडतो. काहींना तर इतका आवडतो की जेवतानाही 'भाक्…' म्हणून थांबतात आणि आई 'री' म्हणेपर्यंत घास घेत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. याला 'अर्धं अक्षर' म्हणायची रूढी आहे आणि ती मोडायच्या भानगडीत मी पडत नाही. पण मुलाला सांगताना 'अर्धा स' म्हणजे स चा अर्धा आवाज नव्हे, हे स्पष्ट असू द्या. आवाज पुरा असतो, त्याच्या मागचा अ तेवढा गेलेला असतो.

पायरी दुसरी: अ कुठे राहतो?

जुन्या लग्नपत्रिका फेकू नका. त्यांचा जाड कागद या कामाला उत्तम. तळहाताएवढे तुकडे कापा आणि एकेका तुकड्यावर एकेक अक्षर ठसठशीत लिहा. उजवीकडचा दंड, म्हणजे उभी रेघ, तुकड्याच्या अगदी कडेला येऊ द्या. आता दंडाच्या डावीकडून घडी घालून तो मागे दुमडा. समोर उरतो तो स्‍. मुलाला सांगा, "अ या काठीत राहतो. काठी मागे गेली, अ गेला. राहिला नुसता साप." मग त्याच्या शेजारी त चं अख्खं कार्ड सरकवा: स्त. मागे 'र' ठेवा, पुढे काना द्या. रस्ता.

घडी मुलाने स्वतः घालायची. दहा वेळा घालायची, दहा वेळा उघडायची. घडी उघडली की 'रसता', मिटली की 'रस्ता'. बोट हलतं आणि आवाज बदलतो, हे त्याला दिसलं पाहिजे.

दंड असलेली अक्षरं बरीच आहेत: ख, ग, घ, च, ज, ण, त, थ, ध, न, प, ब, भ, म, य, ल, व, श, ष, स. ही सगळी घडीची. क आणि फ यांचा दंड मधोमध असतो. त्यांची फक्त उजवीकडची शेपटी आखडते: फक्त, लिफ्ट. ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ, छ यांना असा दंडच नसतो. त्यांची गोष्ट पुढे येईल. आत्ता ती बाजूला ठेवा.

वाचताना मदतीला एक पट्टी घ्या. 'पुस्तक' या शब्दावर पोस्टकार्ड असं ठेवा की फक्त 'पुस्‍' दिसेल. मूल वाचतं, "पुस्". कार्ड सरकवा, "तक". मग कार्ड काढून एका दमात. कान जिथे शब्द तोडतो, त्याच जागी डोळ्यालाही तोडायला शिकवणारी ही साधी युक्ती आहे. इतकी वर्षं शिकवून मला हिच्यापेक्षा उपयोगी काही सापडलेलं नाही. या आठवड्यात एवढेच शब्द पुरेत: रस्ता, मस्त, पुस्तक, दोस्त, अस्वल, नाश्ता, दप्तर, कुस्ती, वस्तू, कल्पना.

पायरी तिसरी: एक चकली, दोन चकल्या

बहुतेक पुस्तकं इथून 'क्क, च्च, त्त' कडे वळतात. मी य कडे वळते. मराठी गोष्टीचं कुठलंही पान उघडा. 'च्या', 'त्या', 'ल्या', 'ण्या' यांनी ते भरलेलं असतं. माझ्या, तुझ्या, घराच्या, झाडावरच्या, पाण्यात, त्याला. य ची जोडणी आली की मुलाला पानभर मजकूर खुला होतो. शिवाय ती शिकवायला वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. व्याकरणच ते पुरवतं.

दिवाळीच्या फराळाने सुरुवात करा. "एक चकली, दोन?" "चकल्या!" "एक करंजी, दोन?" "करंज्या!" जिलबी–जिलब्या, वाटी–वाट्या, टोपी–टोप्या, चिमणी–चिमण्या, बाटली–बाटल्या, काठी–काठ्या, नदी–नद्या. उत्तरं मुलाकडे तयारच असतात. आता फळ्यावर डावीकडे 'चकली' लिहा, उजवीकडे 'चकल्या'. 'ली'ची वेलांटी गेली, ल ची काठीही गेली आणि मागे 'या' येऊन उभा राहिला. पाच-सहा जोड्या झाल्या की मूल न सांगता वाचू लागतं, कारण डावीकडचा शब्द वाचला की उजवीकडे काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. हा अंदाज म्हणजे फसवणूक नव्हे. आपण मोठी माणसंही असंच वाचतो.

एखादं हुशार मूल विचारेल, "बशी–बश्या?" नाही, बशा. उशी–उशा, मिशी–मिशा. पण माशी–माश्या. आहे हे असं आहे.

दुसरा खेळ 'कुठे आहे?' चिठ्ठ्यांवर उत्तरं लिहून ठेवा: डब्यात, पाण्यात, रस्त्यात, वाड्यात, डोळ्यात, आंब्यात. तुम्ही प्रश्न विचारा, मुलाने योग्य चिठ्ठी शोधून वाचायची. "मासा कुठे?" "पाण्यात." "कोय कुठे?" "आंब्यात." आणि हमखास कुणीतरी "मासा डोळ्यात" वाचून वर्गाला हसवतं. हसू द्या. ते वाक्य त्याने बरोबर वाचलेलं असतं.

एक बारीक गोष्ट. 'माझा' आणि 'माझ्या' यांतला झ सारखा नाही. पहिल्यात जीभ दातांकडे असते, दुसऱ्यात ती टाळूकडे सरकते. च, ज यांचंही तसंच. य आला की उच्चार मऊ होतो. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला हे सांगावं लागत नाही. घरी दुसरी भाषा असेल तर ऐकवून दाखवा. नियम सांगू नका.

या पायरीला दोन आठवडे द्या. घाई इथे नको.

पायरी चौथी: जुळी अक्षरं

आता 'क्क, च्च, त्त, ल्ल' घ्या. हे सोपं जातं. घरात अण्णा, अक्का, अप्पा असतील तर अर्धं काम झालेलंच असतं. तोंड एका आवाजावर क्षणभर ठाण मांडतं, एवढंच दाखवायचं. त्यासाठी जोड्या उपयोगी: सखा–सख्खा, गडी–गड्डी, मका–मक्का. दोन्ही मोठ्याने म्हणा आणि अर्थ विचारा. खेळायला येतो तो गडी, कोबीची असते ती गड्डी. एका थांब्याने अर्थ बदलतो म्हटल्यावर मूल तो थांबा विसरत नाही. चप्पल, किल्ला, पिल्लू, गल्ली, कच्चा, पक्का, पत्ता एवढे शब्द झाले की पुढे चला.

पायरी पाचवी: म्ह आणि भावंडं

आम्ही, तुम्ही, म्हणाला, म्हैस, न्हावी, कोल्हा, केव्हा. इथे पट्टीची युक्ती वापरू नका. 'म्हैस' बोलताना म आणि ह वेगळे होतच नाहीत. क ला श्वास जोडला की ख होतो, तसा म ला श्वास जोडला की म्ह. ख ला जसं एकच चिन्ह मिळालं तसं याला मिळालं नाही, म्हणून तो दोन अक्षरांत लिहावा लागतो. मुलाला म्ह, न्ह, ल्ह, व्ह ही चार नवी अक्षरंच आहेत असं सांगून मोकळे व्हा. 'आम्ही, तुम्ही, म्हणाला' हे तर चित्रासारखे डोळ्यांत बसायला हवेत, इतके ते वारंवार येतात.

'ब्राह्मण' आणि 'ब्रह्म' यांत ह आधी लिहायचा आणि म आधी बोलायचा, ही गंमत चौथीपर्यंत राहू द्या.

पायरी सहावी: शब्दाच्या तोंडाशी

'पुस्तक'मधल्या स ला टेकायला मागे 'पु' आहे. 'ग्लास'मधल्या ग ला मागे कुणीच नाही. म्हणून मूल एक तर 'गलास' म्हणतं, नाहीतर 'स्टूल'चं 'इष्टूल' करतं. तो इ उगीच आलेला नाही. टेकायला काहीतरी हवं, म्हणून जीभच तो पुढे लावते.

मग टेकू आपणच देऊ. 'हा ग्लास' म्हणा. टाळ्या वाजवा: हाग्-लास. 'हा ब्रश': हाब्-रश. 'ती प्लेट': तीप्-लेट. चार वेळा टेकूसकट, मग टेकू मनात म्हणायचा, मग सोडून द्यायचा. सुरुवातीला इंग्रजीतून आलेले, घरातले शब्दच घ्या: ब्रश, ग्लास, प्लेट, फ्रीज, ड्रेस, ट्रक, स्कूटर, क्रीम. ते तोंडात रुळलेले असतात. 'स्वर', 'प्रकाश', 'श्वास', 'ध्वज' नंतर.

घरी 'परसाद', 'मितर', 'जनम' म्हणणारी मुलं वर्गात असतात. त्यांच्या बोलीत ते उच्चार चुकीचे नाहीत. "घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात" एवढं सांगितलं की पुरतं. सगळ्यांसमोर उच्चार सुधारत बसलात तर ते मूल मोठ्याने वाचणंच बंद करेल. एका मुलाच्या बाबतीत माझ्याकडून हे घडलं आहे. त्याला पुन्हा वाचतं करायला दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ गेला.

पायरी सातवी: र नावाचा बहुरूपी

इथे मात्र बैठक मारा. र जोडाक्षरात येतो तेव्हा त्याचं मूळ रूप कुठेच दिसत नाही, आणि सोंगं निरनिराळी.

डोक्यावरचा र, म्हणजे रफार: खुर्ची, सूर्य, वर्ग, गर्दी, बर्फ, मूर्ती. मुलं 'वर्ग'चा 'वग्र' करतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. रफार बसतो ग च्या डोक्यावर पण बोलला जातो ग च्या आधी: वर्-ग. डोळ्याला आधी ग दिसतो. पट्टीही इथे चालत नाही, कारण टोपी आणि डोकं वेगळं कापता येत नाही. मी कार्डच वापरते. 'र्ग' दिसला की टोपी काढायची, तिच्या जागी पाय मोडलेल्या र् चं कार्ड ग च्या डावीकडे ठेवायचं, आणि वाचायचं. आठवडाभर टोपी काढून शेजारी ठेवली की मग नुसत्या डोळ्यांनी ती काढता येते. 'खुर्ची', 'मूर्ती' अशा शब्दांत वेलांटीच्या वळणात रफार हरवतो, म्हणून 'वर्ग', 'बर्फ' आधी घ्या.

पायातला र: प्राणी, ग्रह, चक्र, मित्र, पत्र. ही तिरकी रेघ आणि हा र नंतर बोलतो: चक्-र, पत्-र. ट आणि ड यांच्या पायाला तिरकी रेघ लावायला दंड नाही, म्हणून तिथे खाली छोटं छप्पर येतं: ट्रक, ड्रम. 'त्र' आणि 'श्र' यांत त आणि श यांचे चेहरे जरा बदलतात. तेवढे दोन ओळखून ठेवायचे. आमच्या वर्गात घोषणाच आहे: टोपीतला आधी बोलतो, पायातला नंतर बोलतो. 'परत' आणि 'प्रत', 'ग्रह' आणि 'गृह' या जोड्या समोरासमोर ठेवा. 'गृह'मध्ये जोडाक्षर नाही, तो ऋकार आहे, पण उच्चार जवळचा असल्याने मुलं गोंधळतात. फरक डोळ्यानेच लक्षात ठेवायचा.

तिसरं सोंग मराठीत पदोपदी भेटतं: पुऱ्या, भाकऱ्या, कैऱ्या, बकऱ्या, कुऱ्हाड, वऱ्हाड. य किंवा ह च्या आधी, कोयरीच्या शेपटासारखा बाकदार र. यात आणि रफारात फरक काय, असं विचारलं तर 'दर्या' आणि 'दऱ्या' म्हणून दाखवा. 'दर्या'त जीभ र वर जोर देऊन थांबते: दर्-या. तो समुद्र. 'दऱ्या'त र हलकेच य ला चिकटून जातो. त्या सह्याद्रीतल्या. तसंच 'आचार्यांना' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्यांना' जेवणाचं विचारायचं. मुलाला हा फरक पहिल्या आठवड्यात ऐकू आला नाही तरी काळजी नको. 'एक पुरी, दोन पुऱ्या' या वाटेने आलेली मुलं तो र आपसूक बरोबर वाचतात.

पायरी आठवी: काठी नसलेली अक्षरं

ट, ड, द, ह, ळ यांची घडी घालता येत नाही. त्यांचा पाय मोडायचा, नाहीतर एकाच्या खाली दुसरं बसवायचं. इथे घरच्या माणसांचा गोंधळ होतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि लिपी प्रमाणित केली. त्यानंतरच्या बालभारतीच्या पुस्तकांत 'विद्‌यार्थी', 'शुद्‌ध', 'प्रसिद्‌ध' असं पाय मोडून छापलेलं दिसतं. वर्तमानपत्रात, दुकानाच्या पाटीवर, आजोबांच्या पोथीत मात्र 'विद्यार्थी', 'शुद्ध', 'प्रसिद्ध'. आजोबा म्हणतात पुस्तक चुकलंय, मूल म्हणतं आजोबा चुकलेत.

जुनी जोडणी मला दिसायला आवडते. पण शिकवायला मोडलेला पाय सोयीचा, हे मान्य करावं लागतं. 'शुद्‌ध' वर पोस्टकार्ड ठेवून 'शुद्' वेगळं दाखवता येतं. एकात एक बसलेल्या 'द्ध' मध्ये आधी कोण आणि नंतर कोण हे दिसतच नाही. म्हणून आधी पाय मोडलेलं रूप वाचू द्या. ते सहज जमलं की 'द्ध, द्व, द्य, द्म, ट्ट, ड्ड, ह्य' यांचे गाठोडे-चेहरे एकेक करून ओळखायला द्या, रोज एक, घरातल्या छापील कागदावर शोधून.

क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी बसलेले असतात, पण मुळात ते जोडाक्षरंच. मुलांसाठी त्यांना अक्षरच मानावं. ज्ञ चा मराठी उच्चार 'द्न्य'. हिंदी कार्टून बघणारी मुलं 'विग्यान' म्हणतात, त्यांना दोन-चारदा 'विज्ञान' ऐकवा.

आणि पहिली वेलांटी. 'स्थिर', 'पश्चिम' या शब्दांत ती अख्ख्या जोडाक्षराच्या डावीकडे उभी राहते, पण बोलली जाते शेवटी. त्यामुळे 'स्थिर'चं 'सिथर' होतं. उपाय साधा आहे: वेलांटीवर बोट ठेवून झाका, 'स्थर' वाचा, बोट उचला, 'स्थिर'.

पायरी नववी: तिघांची गर्दी

इस्त्री, वस्त्र, राष्ट्र, मत्स्य, स्वातंत्र्य. आधीच्या पायऱ्या झाल्या असतील तर इथे नवं काही नाही. टाळी कुठे पडते ते बघायचं: इस्-त्री, वस्-त्र, राष्-ट्र. दोन तुकडे झाले की तीन अक्षरांची भीती उरत नाही.

लिहिणं मागे राहू द्या

वाचन जमलं की लगेच श्रुतलेखन घ्यायचा मोह होतो. तो महिनाभर आवरा. वाचताना कान मदत करतो, लिहिताना तोच कान फसवतो. 'सतरंजीवर बसता का?' यातला 'बसता' आणि लग्नाचा 'बस्ता' कानाला जवळजवळ सारखे. मूल 'चम्चा' लिहितं तेव्हा त्याने ऐकलं बरोबर, लिहिलं मात्र रूढीच्या विरुद्ध. हे शब्द पुन्हा पुन्हा वाचूनच डोळ्यात बसतात. चुकलेल्या शब्दावर लाल फुली मारण्याआधी तो शब्द स्वतः मोठ्याने म्हणून बघा. अर्ध्या वेळा मुलाचं ऐकणं बरोबर निघेल.

सेमी आणि इंग्रजी माध्यमाच्या पालकांसाठी

इंग्रजी फोनिक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकताना, 'स्टॉप', 'ब्लॅक', 'फ्रॉग' इथे हीच अडचण येते. मूल एस चा आवाज 'स' असा अ सकट म्हणतं, बी चा 'ब', आणि शब्द होतो 'सटॉप', 'बलॅक'. उपायही तेच: आवाजातला अ काढा, लांबवता येणाऱ्या स पासून सुरुवात करा, 'हा ग्लास'चा टेकू द्या. मराठीत 'स्कूटर' वाचणाऱ्या मुलाला इंग्रजीत एस आणि के शेजारी दिसले की नवं काही शिकावं लागत नाही. फक्त शब्दाच्या शेवटी लक्ष द्या. आपण 'रक्त', 'फक्त' म्हणताना शेवटी पुसटसा अ सोडतो. त्या सवयीने मूल 'मिल्क', 'डेस्क' यांनाही शेपूट लावतं. आणि 'शिप'मधले एस-एच, 'चिप'मधले सी-एच हे जोडाक्षर नव्हेत. दोन अक्षरं, आवाज एकच, आपल्या म्ह सारखे. त्यांचे तुकडे पाडायला लावू नका.

एवढं करूनही एखादं मूल महिनोन्‌महिने तिथेच अडत असेल, ऐकूनही 'रस्ता'चे दोन तुकडे पाडू शकत नसेल, तर आधी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञाला दाखवा. जास्तीच्या गृहपाठाने ही गोष्ट सुटत नाही.

शेवटचा खेळ, नकाशावरचा

सगळ्या पायऱ्या झाल्या की मी भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावते. ३६ जिल्हे. काम एवढंच: जोडाक्षर असलेली नावं शोधा. मुलांना वाटतं पंधरा-वीस तरी निघतील. 'परभणी'वर भांडणं होतात, कारण कानाला ती 'पर्-भणी' ऐकू येते. 'गडचिरोली' आणि 'यवतमाळ' यांचंही तसंच. मग डोळे लावून बघतात. नाही, तिथे अक्षरं सुटी, अख्खीच आहेत. शेवटी हाती लागतात सातच: कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, वर्धा, चंद्रपूर, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर. सातांपैकी चारांत र वेगवेगळ्या जागी दडलेला, तो टोपीतला की पायातला हे ओरडून सांगायचं.

यंदा सात मोजून झाल्यावर एक मुलगा नकाशापाशीच रेंगाळत राहिला. मग म्हणाला, "बाई, जिल्हा या शब्दातच एक आहे." आणि टाचा उंचावून त्याने नकाशाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत छापलेल्या नावावर बोट ठेवलं. "आणि इथे तर तीन-तीन एकाच गाडीत."